घाट, पठार, खोरं, वाळवंट

शाळा जूनच्या मध्यावर उघडते आणि माउलींची पालखीही साधारण तेव्हाच आळंदीहून निघते. त्यामुळे नोकरीची ३१ वर्षं वारी मी रस्त्याच्या कडेला उभी राहूनच पाहिली. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच ज्येष्ठात आत्याच्या दिंडीत नाव घातलं. आत्याची ही कितवी वारी, ते तिलाही नीट सांगता येत नाही. तिच्या पिशवीत एक लुगडं, टाळ आणि पावसाचा प्लास्टिकचा कागद. माझ्या पिशवीत वर एक वही. शाळेतलं बाईपण लगेच सुटतं थोडंच.

तिसरी-चौथीला मी डोंगर, टेकडी, खिंड, दरी, पठार, मैदान शिकवायचे. परातीत ओल्या मातीचा डोंगर करायचा, वरून तांब्याने पाणी सोडायचं, की नदी तयार. पोरं खूश. गाडी अडायची ती पठाराशी. ‘सपाट माथ्याचा उंच प्रदेश म्हणजे पठार’ हे घडाघडा पाठ व्हायचं. पण एकाने विचारलं होतं, “बाई, सपाट आहे तर उंच आहे हे कळणार कसं?” मी फळ्यावर टेबल काढून दाखवलं. तो गप्प बसला. पटलं नव्हतं, हे तोंडावर दिसत होतं.

त्याचं उत्तर मला दिवे घाटात मिळालं, तेही तुटक्या चपलेनिशी. हडपसर मागे पडलं की समोर घाट उभा राहतो. वर बघावं तर वळणावळणाने पताका हलताहेत, खाली मस्तानी तलावाचं पाणी चमकतंय. रस्त्यासाठी कापलेल्या दरडीत दगडाचे आडवे थर दिसत होते, एकावर एक, पोळ्यांच्या चवडीसारखे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हा पुन्हा पुन्हा पसरून थिजला, त्याचे हे थर. तिसऱ्या वळणावर चपलेचा अंगठा तुटला. दिंडीतल्या एका माउलीने सुतळीने बांधून दिला आणि नाव विचारायच्या आत पुढे निघून गेली.

माथ्यावर पोचले आणि उतारासाठी पाय सावरून घेतले. उतार आलाच नाही! चढलो तेवढं उतरायचं असतं हा पायांचा हिशेब. पण पुढे सगळा माळ पसरलेला, वारं भन्नाट, आणि रस्ता जवळजवळ सरळ सासवडकडे. सासवड पुण्यापेक्षा सुमारे २०० मीटर उंचावर आहे. म्हणजे जिना चढून आम्ही गच्चीवर आलो होतो आणि आता गच्चीवरूनच चालणार होतो. पुणंही पठारावरच, हे म्हणजे त्या पठाराचा वरचा मजला. तो मुलगा आज भेटला असता तर त्याला फळा नाही, हा घाट दाखवला असता.

सासवडच्या मुक्कामात वहीत लिहिलं: घाट. आळंदीला इंद्रायणीच्या घाटावर अंघोळ केली, तो पायऱ्यांचा घाट. दिवे घाट चढलो, तो रस्त्याचा. आणि पुस्तकातला पश्चिम घाट म्हणजे अख्खी डोंगररांग. तीन वस्तू, शब्द एक, आणि आम्ही परीक्षेत व्याख्या विचारायचो एकच.

जेजुरीचा गड, भंडारा, वाल्हे हे सगळं गर्दीत गेलं. नीरेला मात्र मी हट्टाने थांबले. दत्त घाटावर माउलींच्या पादुकांना स्नान घालतात. पुलाच्या अलीकडे पुणे जिल्हा, पलीकडे सातारा. नदीचा डावा तीर कुठला हे मुलांना कायम चुकायचं, कारण ती काठावरून नदीकडे तोंड करतात. पाणी जिकडे जातं तिकडे तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला डावा तीर. नीरा पूर्वेला जाते, म्हणजे पुण्याची बाजू डावी. मी पुलावर तशी वळून उभी राहिले, तर मागून कुणीतरी ओरडलं, “माउली, पंढरपूर इकडं!”

त्या रात्री तंबूत नकाशा काढायला बसले. इंद्रायणी तुळापूरला भीमेला मिळते. पुण्याची मुळा-मुठाही पुढे भीमेलाच. सासवडची कऱ्हा नीरेला मिळते आणि नीरा नरसिंहपूरला भीमेत. भीमा उजनी धरणातून पुढे पंढरपूरला. पेन्सिल तिथेच थांबली. वाटेत भेटलेली एकूण एक नदी पंढरपूरलाच निघाली होती. पुस्तकात ‘खोरे’ या शब्दापुढे दोन कोरड्या ओळी असतात. आम्ही १८-१९ दिवस एकाच खोऱ्याच्या आतल्या आत चालत होतो. दिवे घाटाचा डोंगर तेवढा मध्ये जलविभाजक. त्याच्या अलीकडचं पाणी मुठेच्या वाटेने, पलीकडचं कऱ्हेच्या. आत्याला हलवून सांगितलं. ती म्हणाली, “बरं. झोप आता, तीनला उठायचंय.”

लोणंद, तरडगावच्या पुढे पाऊस विरळ झाला. ढग यायचे, सावली धरायचे, निघून जायचे. सह्याद्रीने बहुतेक ओल आधीच उतरवून घेतलेली. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. तरी फलटणकडे ऊस हिरवागार, कारण नीरेचा उजवा कालवा. वेळापूरच्या अलीकडे एका उतारावर सगळी दिंडी धावत सुटते, त्याला धावा म्हणतात. सुतळीची चपल हातात घेऊन मीही धावले, एवढंच सांगते.

पंढरपूरला भीमा चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून ती इथे चंद्रभागा. दशमीला दर्शनाची रांग पाहून आम्ही कळसालाच हात जोडले आणि नदीवर गेलो. फार वर्षांपूर्वी एका मुलीने वर्गात विचारलं होतं, “बाई, पंढरपूरच्या वाळवंटात उंट असतात का?” सगळा वर्ग हसला, मीही हसले. चूक तिची नव्हती. आम्हीच तिला वाळवंट म्हणजे राजस्थानातलं थरचं एवढंच शिकवलं होतं. नदीकाठच्या वाळूलाही वाळवंटच म्हणतात हे सांगायचं राहूनच गेलं होतं.

पाणी बऱ्यापैकी होतं, पण कडेला वाळूचा एक पट्टा उघडा होता. मूठभर उचलली. जवळून पाहिलं तर कण काळे, थोडे तांबूस, मधूनच एखादा पांढरा. काळे बहुधा त्याच दगडाचे, ज्याचे थर दरडीत पाहिले होते. आत्या पाण्यात उतरली होती, तिथूनच ओरडली, “वाळूत काय हरवलं गं?”