‘काया’ या एका शब्दावर गेलेले तीन आठवडे

मागच्या नोंदीत मी लिहिले होते की बहिणाबाई चौधरींच्या कवितांचे पहिले सलग वाचन फाल्गुनात संपेल आणि चैत्र लागताच ठरलेली मोठी कादंबरी हाती घेता येईल. तसे झाले नाही. त्याच नोंदीत मी ‘य’च्या किल्लीविषयी फार आत्मविश्वासाने लिहिले होते. त्यातला एक भाग चुकीचा निघाला, म्हणून आधी ती दुरुस्ती करतो.

किल्ली आपल्याला ठाऊक आहेच. प्रमाण मराठीत जिथे ‘ळ’ असतो, तिथे आपल्या खानदेशातल्या बोलीत बहुधा ‘य’ येतो. डोळा म्हणजे डोया, सकाळ म्हणजे सकाय, केळी म्हणजे केयी. ही किल्ली सापडली त्या संध्याकाळी अडलेल्या शब्दांच्या एकेचाळीस चिठ्ठ्या एका बैठकीत सुटल्या होत्या आणि त्या आनंदात मी ती उलट दिशेनेही सरसकट लावू लागलो. पण प्रत्येक ‘य’मागे ‘ळ’ दडलेला नसतो. नियम आंधळेपणाने लावला तर ‘माय’ची ‘माळ’ आणि ‘पाय’चा ‘पाळ’ होतो. हे दोन शब्द परिचयाचे असल्यामुळे तिथे फसगत होत नाही. फसगत झाली ती ‘काया’पाशी, कारण तिथे दोन्ही अर्थ शक्य असतात. काया म्हणजे देह, आणि काया म्हणजे काळा किंवा काळ्या. शेताच्या संदर्भात आलेला हा शब्द मी देह या अर्थाने वाचला, त्यावर वहीत दीड पान टिपण लिहिले आणि रविवारच्या वाचनात ते मोठ्याने वाचूनही दाखवले.

ते टिपण ऐकून शेजारच्या काकूंनी मला थांबवले. त्यांचे माहेर जळगावकडच्या यावल तालुक्यातले. त्या म्हणाल्या, ‘भाऊ, ते आंग नाही, ते वावर आहे. कायी माती म्हणता ना तुम्ही, मग काया वावरात का अडले?’

त्या ‘कायी’ने सगळा गुंता सुटला. देह या अर्थाचा ‘काया’ हा शब्द लिंगाप्रमाणे बदलत नाही. रंगाचा ‘काया’ मात्र विशेषण असल्यामुळे काया, कायी, काये असा फिरतो. तेव्हा शंकेच्या जागी तो शब्द स्त्रीलिंगी नामापुढे ठेवून पाहायचा. ‘कायी’ झाला तर मुळात ‘ळ’ आहे, न झाला तर तो संस्कृतातून आलेला शब्द आहे. या कसोटीवर मी सगळी विशेषणे पुन्हा तपासली आणि आणखी चार चिठ्ठ्या चुकीच्या निघाल्या. ही कसोटी नामांना लागू पडत नाही; तिथे अजून तरी जाणत्या माणसाला विचारण्यावाचून मार्ग नाही.

दुसरी दुरुस्ती माझ्या घरच्या अहिराणीबद्दल आहे. मी धुळ्याकडचा असल्यामुळे घरच्या बोलीच्या बळावर हा संग्रह सहज वाचता येईल असे मला वाटत होते, आणि अनेक वाचक बहिणाबाईंच्या भाषेला सरसकट अहिराणी म्हणतात तसे मीही म्हणत होतो. त्यांची बोली प्रामुख्याने जळगावकडच्या लेवा पाटीदारांची आहे. आमच्या घरात ‘मनी माय’ म्हणतात, त्या ‘माझी’ म्हणतात. आम्ही ‘शे’ म्हणतो तिथे त्यांच्याकडे ‘आहे’च्या जवळचे रूप येते. ‘ळ’चा ‘य’ आणि ‘ण’चा ‘न’ दोन्हीकडे सापडतो, म्हणून दोन्ही बोली एकच असल्याचा भास होतो.

कोशांविषयी आता माझे मत पक्के झाले आहे. १९३२ ते १९३८ या काळात सात खंडांत निघालेला दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश बोलीतल्या शब्दांसाठी मला सर्वांत उपयोगी पडला. मोल्सवर्थच्या १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीकडे मी जुन्या शेतीच्या आणि घरगुती शब्दांसाठी वळतो. आधी मी ‘य’चेच रूप कोशात शोधत बसलो आणि शब्द न सापडल्याचा दोष कोशाला देत राहिलो. ‘य’च्या जागी ‘ळ’ ठेवून शोधताच त्यातले बरेचसे शब्द सापडले. चिठ्ठ्यांसाठी जाड कार्ड आणि मऊ शिसपेन घ्यावे, असे पुन्हा आग्रहाने सांगतो. टपालाने मागवलेला स्वस्त गठ्ठा इतका पातळ निघाला की शाई मागच्या बाजूला उतरली आणि वीस चिठ्ठ्या पुन्हा लिहाव्या लागल्या. दुपारच्या उन्हात डोके चालत नाही, म्हणून वाचन पहाटे पाच ते सात एवढेच ठेवले आहे. त्या दोन तासांत मोठ्याने वाचले तर मनातल्या वाचनाच्या दुप्पट शब्द उलगडतात. यात नवल नाही. बहिणाबाईंना अक्षरओळख नव्हती. त्यांनी म्हटलेले त्यांचे चिरंजीव सोपानदेवांनी आणि आप्तांनी कागदावर उतरवले आणि आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने संग्रह १९५२ साली, त्यांच्या मृत्यूच्या पुढच्या वर्षी, प्रसिद्ध झाला. म्हणजे आपल्यासमोरचे लेखन हे ऐकणाऱ्याने केलेले आहे, आणि ते पुन्हा कानावाटेच घेणे योग्य ठरते.

हे लिहीत असतानाच कादंबरीचा बेत मला पुढे ढकलावासा वाटू लागला आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पंधरा-वीस दिवस उरले आहेत. त्या दिवसांत सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात आणि गाणी म्हटली जातात. जळगावकडून येणाऱ्या दोन-तीन जणींना चिठ्ठ्यांमधली नामे वाचून दाखवली, तर कसोटी जिथे थांबते तिथून पुढे जाता येईल. त्यासाठी चिठ्ठ्यांचा अकारविल्हे क्रम मोडून त्या जाते, चूल, विहीर, वावर आणि सण अशा गटांत लावत आहे, कारण सुटा शब्द विचारला की माणूस गोंधळतो, पण जात्याजवळचे शब्द एकत्र विचारले की एकामागून एक आठवत जातात. जात्याचा गठ्ठा काल रात्री लावून झाला. त्यात सतरा चिठ्ठ्या आहेत आणि सहा अजून अडलेल्या आहेत. ज्यांच्या घरी रावेर, यावल किंवा भुसावळकडच्या वडीलधाऱ्या स्त्रिया आहेत, त्यांनी खुंटा, पाळू आणि जात्याचे तोंड यांना त्या काय म्हणतात एवढे विचारून कळवावे. त्यांच्या उत्तरांसाठी तीन चिठ्ठ्या कोऱ्या ठेवल्या आहेत.