सही न करता मिळालेल्या गोळ्या

गुरुवार, लेस्टर

आज रक्तदाबाच्या, कोलेस्टेरॉलच्या आणि पित्ताच्या गोळ्या आणल्या. फार्मसीतल्या मुलीने पिशवी पुढे सरकवली आणि ती पुढच्या माणसाकडे वळलीसुद्धा. पैसे नाहीत, सही नाही. मला नुकतीच साठ पूर्ण झाली, हे तिच्या आधी कम्प्युटरला कळलं होतं.

इंग्लंडात औषध स्वस्त असो की महाग, प्रत्येक औषधामागे ९.९० पौंड. माझ्या तिन्हींचे जवळजवळ तीस. म्हणून मी ११४.५० पौंडांचा औषधांचा वर्षाचा पास काढायचे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये कुणालाच काही द्यावं लागत नाही. इथे कोणत्या आजाराला माफी, ती यादी मुळात १९६८ सालची; कॅन्सर तिच्यात आला थेट २००९ला. थायरॉईडची गोळी चालू असेल तर सगळीच औषधं फुकट, दम्याचा पंप ओढणाऱ्याला मात्र पैसे भरायचे. यात तर्क शोधायला जाऊ नये.

वयाची गंमत तर त्याहून भारी. पूर्वी औषधांची माफी बायकांना साठीला आणि पुरुषांना पासष्टीला मिळायची. १९९५मध्ये युरोपीय न्यायालयाचा निकाल लागला आणि पुरुषही साठीवर आले. पेन्शनचं वय मात्र सरकत सरकत ६६ झालं, आणि बसचा फुकट पासही त्याच्याच मागे गेला. म्हणजे सध्या मी औषधांपुरती म्हातारी, बाकी तरुण. लंडनमध्ये राहत असते तर बसमध्येही म्हातारी झाले असते.

सांगलीला आईला फोनवर सांगितलं. "फुकट? मग चार जास्तीच्या आणून ठेव की." ती स्वतः मेडिकलवाल्याकडून स्ट्रिप कापून घेते, तेवढ्याच गोळ्या. वहिनी जनऔषधी केंद्रातून आणते ते तिला पटत नाही. स्वस्त म्हणजे हलकं, हे तिचं ठाम मत.

संध्याकाळी शेजारच्या गुजराती बांकडे गेले. बा ८३ वर्षांच्या. ऐंशी ओलांडल्यावर त्यांच्या पेन्शनमध्ये आठवड्याला २५ पेन्स वाढले, न मागता. नाताळला १० पौंड येतात, तेही न मागता. १९७२पासून रक्कम तेवढीच. हिवाळ्यातल्या हीटिंगचे पैसेही बहुतेकांना आपोआप मिळतात, ते जरा बरे. पण अटेंडन्स अलाउन्स, म्हणजे ज्यांना रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते त्यांचा भत्ता, तो मागावा लागतो. आठवड्याला सत्तर पौंडांहून जास्त. मिळकत विचारत नाहीत, बचत विचारत नाहीत. फक्त एक जाडजूड फॉर्म भरायचा आणि त्यात आपल्याला काय काय जमत नाही ते लिहायचं.

बांना तेच जमत नाही.

"आंघोळीला मदत लागते?"
"ना रे ना. हूं बधुं करूं छूं." (सगळं मीच करते.)
"मग वहू (सून) बाथरूमच्या दारात कशाला उभी असते?"
"पडीन म्हणून. रोज उभी असते बिचारी."
"मग ती मदतच झाली की, बा."
"मदत कसली? ती तर वहू आहे!"

आता हे त्या रकान्यात कसं लिहायचं? मोजे चढवायला पाऊण तास लागतो, पण चढवतात ना, मग झालं. जिन्यावर मधल्या पायरीवर बसतात, ती म्हणे त्यांची आवडती जागा. मी सगळं खाली उतरवत गेले आणि त्या प्रत्येक ओळीला नाही म्हणत गेल्या. मला त्यांचा राग आला नाही, फॉर्म करणाऱ्यांचा आला. आयुष्यभर कुणापुढे हात न पसरलेल्या बाईला तुम्ही विचारता, सांगा, तुम्ही किती लाचार आहात? माझ्या गोळ्यांसारखी जन्मतारीख पाहून नाही का देता येत?

रात्री किती वेळा उठता, या प्रश्नाशी पोचलो आणि बांची सिरियल लागली. उरलेली पानं शनिवारी, वहू घरी असताना. खरं काय ते तीच सांगेल.