ड्राफ्टमधले पहिले चौघे

"शीझल की अ‍ॅशक्रॉफ्ट?" फूटीच्या, म्हणजे ऑस्ट्रेलियन फुटबॉलच्या, मोसमात आमच्या ऑफिसात सोमवारी कॉफी घेताना हा प्रश्न हमखास निघतो. मेलबर्नला नव्याने आलेल्या मराठी माणसाला या खेळाचे नियम चार-दोन सामने पाहून कळतात. मैदान लंबगोल, एका बाजूला 18 खेळाडू, मधल्या दोन उंच खांबांतून लाथाडलेला चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या खांबांमधून गेला की एक. पण शीझल आणि अ‍ॅशक्रॉफ्टसारख्या, एकाच वर्षी निवडल्या गेलेल्या मुलांची तुलना करताना इथली माणसं इतकी का पेटतात, हे उमगायला मला दोन-तीन मोसम लागले. आता मीही त्या वादात तावातावाने असतो. घरच्यांनी फोनवर विचारलं, "एवढं काय आहे त्यात?" म्हणून हे सविस्तर.

साधारण दर नोव्हेंबरात एएफएल या फूटीच्या लीगमधले 18 क्लब देशभरातून साधारण अठरा वर्षांची मुलं निवडतात. यालाच ड्राफ्ट म्हणतात. आपल्या आयपीएलसारखी पैशांची बोली इथे लागत नाही. आदल्या मोसमात जो तळाला राहिला, त्याला पहिली निवड, मग त्याच्या वरच्याला, असा उलटा क्रम. निवडींची देवाणघेवाण क्लब आपसात करू शकतात, पण कुठे जायचं हे मुलाच्या हातात नसतं. ज्याने नाव पुकारलं त्याच्याकडे जायचं, मग ते शहर घरापासून विमानाने चार तासांवर का असेना. यातल्या बऱ्याच मुलांची नुकतीच बारावीची परीक्षा झालेली असते आणि व्हिक्टोरियात तिचा निकाल डिसेंबरात लागतो. म्हणजे बारावीचे मार्क कळायच्या आधीच देशभरातला आपला नंबर त्या मुलाला कळलेला असतो. पुढे तिशीत पोचला तरी वर्तमानपत्रं त्याचा उल्लेख 'त्या वर्षीचा तिसरा' असाच करतात.

मला सगळ्यात रस आहे तो 28 नोव्हेंबर 2022 च्या ड्राफ्टमध्ये. पहिला आरन कॅडमन, दुसरा विल अ‍ॅशक्रॉफ्ट, तिसरा हॅरी शीझल, चौथा जॉर्ज वॉर्डलॉ.

हा क्रम नुसत्या गुणवत्तेवर लागलेला नाही, हे आधी सांगायला हवं. आदल्या वर्षी पहिल्या नंबरावर निवडलेला जेसन हॉर्न-फ्रान्सिस नॉर्थ मेलबर्नमध्ये एकच मोसम खेळून दक्षिण ऑस्ट्रेलियात, आपल्या घराकडे, परत जायचं म्हणाला. त्यातून चार क्लबांचा मोठा सौदा झाला. हॉर्न-फ्रान्सिस पोर्ट अ‍ॅडिलेडला गेला, नॉर्थने पहिली निवड सोडून दुसरी आणि तिसरी घेतली आणि पहिली निवड सिडनीच्या जायंट्सकडे गेली. त्यात भर बाप-लेक नियमाची. वडील ज्या क्लबकडून किमान 100 सामने खेळले, त्या क्लबला मुलावर हक्क सांगता येतो. दुसऱ्या कुणी त्याचं नाव घेतलं, तर ठरलेले पॉइंट, म्हणजे तेवढ्या मोलाच्या आपल्या इतर निवडी, मोजायचे आणि मुलगा आपल्याकडे ठेवायचा. विलचे वडील मार्कस अ‍ॅशक्रॉफ्ट हे 2001 ते 2003 सलग तीन अजिंक्यपदं जिंकणाऱ्या ब्रिस्बेन संघातले. नॉर्थने विलचं नाव घेतलं, ब्रिस्बेनने लगेच हक्क बजावला आणि नॉर्थच्या दोन्ही निवडी एकेक पायरी खाली सरकल्या. शीझल तिसरा आणि वॉर्डलॉ चौथा झाला तो असा.

आता कामगिरी. अ‍ॅशक्रॉफ्ट पहिल्याच मोसमात ब्रिस्बेनच्या मधल्या फळीत स्थिरावला होता. जुलै 2023 मध्ये त्याच्या गुडघ्याचा लिगामेंट तुटला. त्या वर्षीचा अंतिम सामना त्याचा संघ कॉलिंगवूडशी अवघ्या चार गुणांनी हरला, तेव्हा तो मैदानाबाहेर होता. परतला 2024 च्या मोसमाच्या मध्यावर आणि सप्टेंबरात एमसीजीवर, एक लाख माणसांसमोर, सिडनी स्वान्सला 60 गुणांनी हरवणाऱ्या अंतिम सामन्यात सर्वोत्तम खेळाडूचं नॉर्म स्मिथ पदक घेऊन गेला. वय वर्षं वीस. 2025 मध्ये जिलाँगविरुद्धच्या अंतिम सामन्यात पुन्हा तेच पदक. त्या दिवशी त्याचा धाकटा भाऊ लिव्हायसुद्धा त्याच संघात होता.

यापुढे वाद कसला, असं कुणालाही वाटेल. पण माझं मत शीझलच्या बाजूचं आहे.

शीझलचा पहिला सामना मार्च 2023 मधला, वेस्ट कोस्टविरुद्ध. पोराने पहिल्याच दिवशी 34 वेळा चेंडू खेळवला. निवडला होता आघाडीच्या फळीसाठी, खेळवला हाफ बॅकवर, म्हणजे बचावफळीत. मोसमाअखेर नवोदितांचा रायझिंग स्टार पुरस्कार तर मिळालाच, पण क्लबचा वर्षातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून सिड बार्कर पदकही त्यालाच मिळालं. त्या मोसमात नॉर्थने फक्त तीन सामने जिंकले होते.

विरोधक म्हणतात, बचावात मोकळा चेंडू मिळतो, आकडे फुगतात. हे म्हणणारे बहुधा टीव्हीवर सामना पाहतात, कारण कॅमेरा चेंडूमागे धावतो. मार्व्हल स्टेडियमवर गोलच्या मागे बसून पाहिलं की वेगळंच दिसतं. हरणारा संघ भेदरलेला असतो. चेंडू हातात आला की सीमारेषेला धरून लांब लाथ मारायची, म्हणजे फार तर चेंडू बाहेर जाईल. मैदानाच्या मधोमध, ज्याला इथे कॉरिडॉर म्हणतात, तिथे पास देणं धोक्याचं. मध्येच अडवला गेला तर समोर थेट आपलाच गोल उघडा. शीझल चेंडू घेतो, क्षणभर थांबतो, अंगावर येणाऱ्याला हुलकावणी देतो आणि त्या मधल्या पट्ट्यातच तिरका पास काढतो. संघ पन्नास गुणांनी मागे असतानाही हेच. माझ्या शेजारी बसलेले नॉर्थचे एक वयस्कर चाहते प्रत्येक वेळी श्वास रोखून धरायचे आणि पास पोचला की गुडघ्यावर थाप मारायचे. पुढे क्लबने त्याला मधल्या फळीतही आणलं, तिथेही त्याच्यातला हा धीटपणा टिकला. अ‍ॅशक्रॉफ्टच्या आजूबाजूला अजिंक्य संघ आहे. शीझलला आठवड्यामागून आठवडे हरून पुन्हा तसंच खेळायचं होतं आणि वयाच्या एकोणिसाव्या वर्षी त्याने ते केलं. म्हणून माझं माप त्याच्या पदरात जास्त पडतं.

कॅडमनवर मात्र लोक फार अन्याय करतात. बॅलरॅटच्या रेबेल्स संघातून आलेला हा उंच आघाडीपटू पहिल्या मोसमात फारसा दिसला नाही आणि लगेच 'पहिला नंबर वाया गेला' अशी कुजबुज सुरू झाली. मधल्या फळीतला चपळ मुलगा पहिल्या दिवसापासून चेंडूपर्यंत पोचू शकतो. उंच आघाडीपटूला मात्र सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या धिप्पाड बचावपटूशी अंगाला अंग भिडवून हवेत चेंडू झेलायचा असतो. अठराव्या वर्षी तेवढं वजन आणि ताकद येणार कुठून? शिवाय मागून चेंडू नीट आला तरच त्याला काही करता येतं. अशा खेळाडूला चार-पाच वर्षं द्यावीच लागतात आणि जायंट्सने ती देण्याची तयारी दाखवली, हे मला मनापासून आवडलं.

घाई करणाऱ्यांना मी डेन स्वॉनचं नाव सांगतो. 2001 च्या ड्राफ्टमध्ये तो 58 वा होता. पहिल्या तीन नंबरांवर ल्यूक हॉज, ल्यूक बॉल आणि ख्रिस जड, एकाहून एक नामवंत. तरी 2011 मध्ये मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूचं ब्राउनलो पदक स्वॉनच्या गळ्यात पडलं.

राहिला वॉर्डलॉ. चौघांत मला सगळ्यात जास्त हळहळ त्याच्याबद्दल वाटते. घोळक्यात घुसून चेंडू खेचून काढावा तर त्यानेच. त्याचा टॅकल बसला की स्टेडियममध्ये 'ऊऽऽ' उमटतो. पण ड्राफ्टच्या वर्षापासूनच मांडीच्या हॅमस्ट्रिंगने त्याला छळलंय. शीझल पहिल्या सामन्यापासून मैदानावर, तर त्याच क्लबात, त्याच प्रशिक्षकांच्या हाताखाली वॉर्डलॉ मोसमाच्या मध्यापर्यंत वाट पाहत बसलेला. या दोघांचे आकडे शेजारी ठेवून कुणी निकाल द्यायला लागलं की मला राग येतो. त्याला एक अख्खा मोसम दुखापतीविना मिळू दे, मग सोमवारी कॉफी घेताना मी सगळ्यांशी पुन्हा वाद घालायला तयार आहे.