संमती

सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत अक्षतांच्या दिवशी सिद्धेश्वर तळ्याकाठी संमती कट्ट्यापाशी जमेल तिथे उभं राहायचं, 'दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम' कानावर आलं की नंदीध्वजांच्या, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच काठ्यांच्या, दिशेने अक्षता टाकायच्या. लग्न होऊन इथे आल्यापासून बावीस वर्षं मी हे करते आहे. यंदा अक्षता मुठीत असतानाच मनात आलं, आपण दरवर्षी संमती देतो खरी, पण कशाला? वाचली जाते ती संमती कन्नडमध्ये. ज्यांची ही यात्रा, त्या बाराव्या शतकातल्या सिद्धरामेश्वरांची वचनंही कन्नडमध्ये. घरी येईपर्यंत माझं ठरलं होतं, वर्षभरात कन्नड वाचायला शिकायचं.

त्याच संध्याकाळी चहा पिता पिता ह्यांनी जाहीर केलं, पुढच्या हिवाळ्यात एकवीस किलोमीटर पळणार. पन्नाशीला तीनच वर्षं उरलीत म्हणे.

दोघांनी एकमेकांचं तोंडभर कौतुक केलं. संमती मात्र कुणी कुणाची घेतली नाही. संकल्प ज्याचा त्याचा, त्यात विचारायचं काय?

काय ते फेब्रुवारीत कळलं. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, हे बाहेरगावच्यांना मुद्दाम सांगावं लागतं. चार-पाच दिवसांनी येतं आणि आमच्या गल्लीत यायचं ते पहाटे. उजनी धरणाहून शंभरेक किलोमीटर यायचं, दमत असेल बिचारं, असं सासूबाई म्हणतात. पाण्याला उठणं हे ह्यांचं काम. हौद भरायचा, मोटर लावून वरची टाकी भरायची, पिंपं, घागरी, मग उरल्या धारेत तुळस. आता पाचच्या ठोक्याला हे बूट बांधून किल्ल्याच्या दिशेने पसार. मे महिन्यात पारा त्रेचाळीसवर जातो, म्हणजे पुढेही पळायचं ते उजाडायच्या आतच. आणि रात्री अकरापर्यंत अक्षरं गिरवलेली मी, डोळे चोळत नळापाशी. पळायला हे लागले, दम मला लागला.

तसा माझाही अभ्यास फुकट होत नव्हता. नऊ ते अकरा मी वही घेऊन बसायची, म्हणून ओटा आवरणं ह्यांच्याकडे गेलं. तेव्हापासून शेंगाचटणीच्या डब्यात ओला चमचा जायला लागला. दर आठवड्याला वरची चटणी काढून टाकताना मला जे वाटायचं, तेच ह्यांना दमलेल्या पायांनी भांडी विसळताना वाटत असणार.

कन्नडही काही मऊ निघालं नाही. त्यात 'ए' दोन, एक ऱ्हस्व, एक दीर्घ, आणि 'ओ'ही दोन. इतकी वर्षं एका 'ए'वर भागवलेली माझी जीभ दोन्ही सारखेच उच्चारते. जोडाक्षरातलं दुसरं अक्षर पहिल्याच्या पायाशी जाऊन बसतं, तेही बऱ्याचदा ओळखू येणार नाही इतकं रूप पालटून. हे वाचून मला आमच्या कुटुंबातल्या दोन-तीन बायका आठवल्या.

आणि यात्रेच्या कथेतली ती कुंभाराची मुलगी. कथा अशी, की तिला सिद्धरामांशीच लग्न करायचं होतं. ते योगी. त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं, आणि आपण अक्षता टाकतो त्या याच विवाहाच्या. लहानपणी ही तोड मला फार छान वाटायची. हल्ली वाटतं, त्यांचं व्रत अबाधित राहिलं आणि तिच्या हाती काठी आली. (सासूबाईंना हे बोलून दाखवलेलं नाही.) आमच्या घरी योगदंडाच्या जागी पळायचे बूट आहेत, दारातच, घामट वासासकट.

भांडण झालं ते मात्र पाण्यावरून नाही. "किती अक्षरं झाली?" असं ह्यांनी तिसऱ्यांदा विचारलं, साहेब फाईल मागतात तशा आवाजात. मी म्हणाले, "तुम्ही किती पळालात? काल तर झोपूनच होतात की." दोन दिवस अबोला.

तिसऱ्या दिवशी हे स्वयंपाकघरातलं कॅलेंडर आणि निळं पेन घेऊन बसले. पाणी यायच्या अंदाजाने तारखांना गोल केले. गोलाच्या दिवशी पळणं बंद, नळ ह्यांचा. रविवार तेवढा लांब पळण्याचा, त्या दिवशी पाणी आलं तर माझं. मी चटणी छोट्या बरणीत वेगळी काढून ठेवायला लागले. किती झालं, हे कुणी कुणाला विचारायचं नाही.

गेल्या रविवारी पहाटे नळाला धार होती. मी हौदात पाइप सोडून पायरीवर बसले होते, तेवढ्यात मोबाईलवर फोटो आला. विजापूर रोडच्या कडेला उभा एक ट्रक, मागच्या फळीवर पिवळ्या रंगात कन्नड. खाली ह्यांचा मजकूर: "दम खातोय. वाच बघू."

फोटो मोठा केला. ता. मग यि. मग य. तायिय, म्हणजे आईचा! पुढचा आ ओळखला. पुढे 'शी', त्यानंतरच्या 'र्वा'पाशी अडकले, रफार कन्नडमध्ये अक्षराच्या मागे जाऊन बसतो हे मेलं दरवेळी विसरायला होतं. बोटाने पायरीवर गिरवून पाहिलं. आशीर्वाद! आईचा आशीर्वाद!

लिहून पाठवलं आणि पाय ओले का झाले म्हणून खाली बघितलं. हौद कधीचा भरून अंगणात वाहत होता.