पोकरच्या टेबलावर ‘अंकल’ असण्याचा फायदा

पन्नाशी ओलांडलेला, चष्मेवाला, शर्ट खोचलेला माणूस पोकरच्या टेबलावर येऊन बसला की पोरं पहिला पत्ता पडायच्या आधीच त्याच्याबद्दलचं मत पक्कं करून टाकतात. हा अंकल आहे, एक्के-राजे आल्याशिवाय पैसे लावायचा नाही, बाकी वेळ फोल्ड करून, म्हणजे पत्ते टाकून, चहा पीत बसेल. मांडवीतल्या एका कॅसिनो-जहाजावर मी टूर्नामेंट खेळायला गेलो तेव्हा मला हे नवं होतं. घरी लॅपटॉपवर खेळताना चष्मा कुणाला दिसत नव्हता. तिथे टेबल इमेज, म्हणजे बाकीच्यांच्या मनातलं आपलं चित्र, आकड्यांत असायची. शंभर डावांपैकी किती डावांत पैसे टाकले, किती वेळा रेज केलं, म्हणजे लावायची रक्कम वाढवली, याचा हिशेब ठेवणारे ठेवायचे. ऑगस्ट 2025 मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा केंद्राचा कायदा आला, तो धंदा बसला, आणि मग आमच्यासारख्यांनी गोव्याची वाट धरली.

आमच्या टेबलावर मुंबई, पुणे, बंगळुरू, दिल्ली असं सगळं होतं, गोव्याचा माणूस मात्र एकही नाही. फेब्रुवारी 2020 पासून स्थानिकांना या कॅसिनोंत खेळायला बंदी आहे. म्हणजे कुणी कुणाला ओळखत नाही आणि ज्याला त्याला चेहऱ्यावरून अंदाज बांधावे लागतात.

जागा चिठ्ठीने मिळते, त्यात आपलं काही चालत नाही. माझ्या लगेच उजवीकडे दिल्लीचा एक पोरगा होता, कानाला मोठे हेडफोन, पाचातले तीन डाव रेज. त्याच्याबद्दल माझी तक्रार नव्हती. आक्रमक माणूस उजवीकडेच हवा, कारण तो आधी बोलतो आणि आपण त्याचं ऐकून ठरवतो. माझं दुखणं डावीकडे होतं. तिथे बंगळुरूचा एक शांत गडी बसला होता. कमी बोलायचा, पण पत्ते टाकून दिल्यावरसुद्धा मोबाइल काढायचा नाही, डाव संपेपर्यंत बघत राहायचा. मला त्याची जास्त धास्ती वाटली. हेडफोनवाला स्वतःचे पत्ते खेळत होता, हा दुसऱ्यांचे.

आक्रमक खेळाडूला तोंड कसं द्यायचं, असं विचारलं की लोक झटकन सांगतात, गप्प बसा, चांगले पत्ते येऊ द्या, मग मारा. हा सल्ला निम्माच खरा आहे. गप्प बसणाऱ्याला लोक जास्त ब्लफ करतात, त्याची ती किंमत असते. ती वसूल करायची तर अधूनमधून न डगमगता कॉल करावा लागतो, म्हणजे समोरच्याने लावले तितके आपणही लावायचे.

सुरुवात 30,000 चिप्सची होती. ब्लाइंड (पत्ते बघायच्या आधीच दोघांना सक्तीने टाकावी लागणारी छोटी आणि मोठी रक्कम) 200-400 झाले तेव्हा हेडफोनवाल्याने 1,000 केले, मी राजांच्या जोडीवर 3,200 केले, सगळ्यांनी पत्ते टाकले. मी दोन्ही राजे टेबलावर उघडे ठेवले. एरवी फुकटात पत्ते दाखवणं हा मूर्खपणाच. पण पोरांनी ‘अंकल’चा बोर्ड आपणहून माझ्या गळ्यात घातला होता, तर त्यावर आणखी एक खिळा ठोकायला काय हरकत? “अंकल के पास राजा है भाई,” हेडफोनवाला सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. माझं काम झालं.

थोड्या वेळाने मी स्मॉल ब्लाइंडला, हातात एक्का-दश्शी. त्याने परत 1,000 केले, मी कॉल केला. टेबलावर सगळ्यांसाठी उघडलेले पहिले तीन पत्ते दश्शी-अठ्ठी-चौकी. मी चेक (काही न लावता पुढे), तो 1,500, कॉल. मग दुर्री, तो 3,200, कॉल. शेवटचा पत्ता राजा. पॉट, म्हणजे मध्ये जमलेल्या चिप्स, सुमारे 12,000 आणि त्याने 8,000 सरकवले. राजा बघून अंकल घाबरणार, असा त्याचा हिशेब असावा. माझा हिशेब असा: 8,000 घालून एकूण 28,000 जिंकायचे, म्हणजे सात वेळांत दोनदा बरोबर ठरलो तरी बरोबरी. हा पोरगा सातातून दोनदाच ब्लफ करत असेल? मी कॉल केला. त्याच्याकडे गुलाम-नव्वी. सिक्वेन्सच्या आशेवर होता आणि ती आली नाही.

आता वाटेल, की अंकलची भित्री प्रतिमा इथे मोडली. मला उलट झालेलं दिसलं. अंकल हटत नाही हे त्याला कळलं, पण अंकल स्वतःहून उगाच पुढे येतो असं कुणाला दिसलेलं नव्हतं. कॉल करणारा म्हातारा आणि रेज करणारा म्हातारा, ही टेबलाच्या लेखी दोन वेगळी माणसं असतात. गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती खेळणाऱ्यांना हे पटेल: दर डावाला शो मागणारे काका वेगळे आणि न मागता चाल दुप्पट करणारे काका वेगळे.

त्यानंतरचा बराच काळ सांगण्यासारखा नाही. मी पत्ते टाकत होतो. राणी-गुलामसारखे बघायला देखणे पत्तेसुद्धा टाकले, कारण हेडफोनवाल्याचा रेज नुसता कॉल केला की डावीकडचा गडी मोठा रेज करून दोघांनाही चेपायचा. दोन आक्रमकांच्या मध्ये बसून नुसते कॉल करत राहिलं तर स्टॅक, म्हणजे पुढ्यातला चिप्सचा ढीग, हळूहळू झिजतो, आणि कधी झिजला ते कळतही नाही.

खरी मजा बबलवर आली. बबल म्हणजे आणखी एक-दोन जण बाद झाले की उरलेल्या सगळ्यांना बक्षीस, अशी अवस्था. अशा वेळी बिचकत खेळणाऱ्यांचे ब्लाइंड लुटायला मोठ्या स्टॅकवाल्यांना रान मोकळं असतं. हेडफोनवाल्यापुढे अडीच लाख होते, माझ्यापुढे 66,000. ब्लाइंड 1,500-3,000, अँटी (दर डावाला मध्ये पडणारी आणखी एक सक्तीची रक्कम) 3,000. सगळ्यांनी सोडल्यावर त्याने 6,500 केले. मी बटणावर (माझ्यानंतर फक्त दोन ब्लाइंडवाले), इस्पिकचा एक्का-पंजी.

मी ऑल-इन म्हणालो, म्हणजे सगळ्या चिप्स पुढे.

मध्ये 14,000 पडले होते. कॉल झाला तर माझी जिंकायची शक्यता साधारण 30 टक्के, म्हणून त्याने तीनातून जवळपास दोनदा पत्ते टाकले तरी चिप्सच्या हिशेबात तोटा नव्हता. बबलवर बाद होण्याची किंमत जास्त असते, तेव्हा मला त्याहून बराच जास्त भरवसा हवा होता, आणि तो राजांच्या त्या जोडीने दिला. अर्धे पत्ते रेज करणाऱ्याकडे अंकलचा ऑल-इन कॉल करण्याजोगे पत्ते कितीसे असणार? त्यात एक एक्का माझ्याकडे, म्हणजे त्याच्याकडे एक्क्यांची जोडी असण्याचे प्रकार सहाचे तीन झाले आणि एक्का-राजाचे सोळाचे बारा.

त्याने हेडफोन गळ्यात उतरवला. “अंकल, फिर से राजा?” मी चिप्सकडे बघत राहिलो. तशीही माझी बोलायची हिंमत नव्हती. बराच वेळ घेऊन त्याने पत्ते टाकले. मी माझे डीलरकडे पालथे सरकवले.

हेडफोनवाल्याला त्यात काही खटकलं नाही. डावीकडच्याला खटकलं. राजे उघडे टाकणारा माणूस या वेळी पत्ते का लपवतोय, हे त्याच्या मानेच्या एका हालचालीत मला दिसलं, किंवा दिसलं असं वाटलं म्हणू. एकाच टेबलावर आता माझ्या दोन इमेज झाल्या होत्या: उजवीकडच्यासाठी जुनीच, डावीकडच्यासाठी नवी. म्हणून ठरवलं, की डावीकडचा मागे असताना आता हलके पत्ते अजिबात पुढे करायचे नाहीत.

पुढच्या फेरीत राण्यांची जोडी आली. मी 6,500 केले, त्याने फार विचार न करता ऑल-इन केलं, मी तितक्याच लवकर कॉल. त्याच्याकडे एक्का-नव्वी. तासाभरापूर्वी मला ओळखत नव्हता तेव्हा त्याने हे पत्ते निमूट सोडले असते. राण्या टिकल्या आणि माझ्यापुढे दीड लाखाच्या वर चिप्स आल्या.

बबल फुटला, थोड्या वेळाने आमचं टेबल मोडलं आणि मला दुसरीकडे पाठवलं. तिथे राजे कुणी बघितलेले नव्हते, पंजीचा तर प्रश्नच नाही. नुसता चष्मा आणि खोचलेला शर्ट यांच्या जोरावर मी काही ब्लाइंड चोरले, मग एक्का-राजावर सगळे घातले, समोर नव्व्यांची जोडी निघाली आणि ती टिकली. यात खेळण्यासारखं फारसं काही नव्हतं. काउंटरवर बक्षिसातून 30 टक्के कर कापून घेतात, तो जाऊनही प्रवेश फी आणि येण्याजाण्याचा खर्च निघाला.

हेडफोनवाला माझ्या आधीच बाद झाला होता. बुफेच्या रांगेत भेटला, हेडफोन अजून गळ्यातच. “अंकल, सच बताओ, बबल पे क्या था?”

“राजा,” मी म्हणालो, “बताया तो था.”

तो समाधानाने हसला आणि पुढच्या महिन्याच्या टूर्नामेंटला येणार का म्हणून विचारायला लागला.