दोराला बांधलेलं जहाज

कोचीला जहाज लागलं आणि सगळे उतरले. मी नाही उतरलो. आदल्या रात्री जिन्यात पाय घसरला, सकाळी गुडघा हा एवढा. पोरगी म्हणे, "बाबा, व्हीलचेअर मागवते." म्हटलं, "जा बापा तुमी. मले इथं का वावर राखाचं हाय?" हिनं मात्र दारातून दोनदा वळून पाहिलं. एकतीस वर्षांत मला कुलपाशिवाय कधी कुठं सोडलं नाही तिनं.

जत्रा उठल्यावरच्या मैदानासारखं झालं जहाज. बंदरात असताना कॅसिनो आणि आतली दुकानं नियमानंच बंद असतात, त्यामुळे तिकडची झगमगही विझलेली. आवाज एकच, खालून येणारी जनरेटरची घरघर. रात्री दूरच्या वावरात कोणाची मोटर चालू असावी तशी.

वरच्या डेकवर पुढच्या टोकाला खुर्ची ओढली. खाली धक्क्यावर जहाजाचे दोर. मांडीएवढे जाड म्हणणार होतो, पण नाही, मनगटापेक्षा थोडे जास्त. प्रत्येक दोरावर मधेच पत्र्याची गोल थाळी ओवलेली. कठड्याला रंग मारणारा एक पोरगा देवगडचा निघाला. त्याला विचारलं.

"उंदीर चढू नयेत म्हणून, काका."

माझी माय शिंक्याच्या दोरीत फुटक्या मडक्याचा गळा ओवून ठेवायची, त्याच कारणासाठी. एवढं कोट्यवधीचं जहाज, आणि अक्कल शिंक्याचीच! दोर पाहत राहिलो. एक ताणला जाई, दुसरा ढिला पडे. पोरगा म्हणाला, भरती-ओहोटीनं जहाज वर-खाली होतं, तसे दोर सांभाळावे लागतात. कोचीला हा फरक जेमतेम मीटरभराचा, पण दोराला कळतो.

जेवणात साधं वरण-भात मागितलं. मिळालं, पण वरणात साखर होती. त्याबद्दल जास्त लिहीत नाही.

दुपारी खोलीत डोळा लागला अन् भोंगा वाजला. सात आखूड, एक लांब. पहिल्या दिवशी आम्हाला शिकवलेला धोक्याचा इशारा! केशरी जाकीट उलटं-सुलटं चढवून लंगडत बाहेर आलो, तर सफाईवाली बाई तोंडावर हात धरून हसायला लागली. प्रवासी शहरात गेले की कर्मचाऱ्यांची कवायत घेतात. तशी आधी घोषणाही झाली होती, इंग्रजीत, मी घोरत असताना. म्हटलं बरं झालं, ही नव्हती.

मग संध्याकाळपर्यंत परत डेक. डोक्यावर पांढऱ्या डोक्याच्या तांबूस घारी. आपलं जहाज ज्या विलिंग्डन बेटाला लागलंय ते देवानं केलेलं नाही, हे त्या पोरानंच सांगितलं. रॉबर्ट ब्रिस्टो नावाचा इंग्रज इंजिनिअर 1920 साली इथं आला, जहाजांसाठी वाट खोल केली आणि उपसलेल्या गाळाचं हे बेट झालं. आम्ही तलावातला गाळ ट्रॉलीनं वावरात टाकतो, हा तोच धंदा, माप तेवढं मोठं.

दूर उत्तरेला वल्लारपाडमच्या कंटेनर टर्मिनलच्या क्रेन दिसत होत्या. त्या पाहून मला आमची शकुंतला आगगाडी आठवली. मी दारव्ह्याकडचा. मूर्तिजापूर–यवतमाळ ही नॅरोगेज गोऱ्यांनी टाकली ती वऱ्हाडचा कापूस बंदरापर्यंत पोचावा म्हणून. तिचं वाफेचं इंजिन मँचेस्टरचं, 1994 पर्यंत चाललं. त्याच्याही आधी, 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली तेव्हा आपल्या कापसाला असा भाव आला होता की म्हातारे त्याच्या गोष्टी सांगत. माझ्या आज्यानं, बापानं, मी, तिघांनी कापूस पिकवला. गाडी जिनिंगच्या फाटकातून आत गेली की आमचा संबंध संपायचा. पुढं गठाण होते, गठाण बंदरात जाते, एवढंच ऐकून. बंदर मात्र तिघांत मीच पाहिलं. तेही गुडघा सुजला म्हणून.

सहा वाजता मंडळी आली. केळ्याचे वेफर्स, मसाल्याच्या पुड्या, आणि हिच्यासाठी सोनेरी काठाची पांढरी साडी.

"दिवसभर काय पाह्यलं तुमी?"

"दोर."

ती काही बोलली नाही. मी साडीचा पदर चिमटीत धरून सूत चोळून पाहिलं, चांगलं बारीक होतं.

"कापूस कुठचा, इचारलं का दुकानदाराले?"

"तुमचं काई खरं नाई," म्हणत तिनं साडी घडी केली अन् बॅगेत टाकली.