आमची वाटचाल: रंग जुळवून मिळेल

आमचं दुकान नारायण पेठेत, पाच पायऱ्या खाली उतरून. पाटीवर आजही ‘लग्नपत्रिका, मुंजीची आमंत्रणं, व्हिजिटिंग कार्ड’ एवढंच आहे. त्यामुळे नवीन गिऱ्हाईक खाली येतं आणि भिंतीवर मलिक अंबरचा भाड्याच्या घरासाठीचा अर्ज बघून दचकतं. तो तिथे कसा आला ते एकदा लिहून टाकतो. आमची कल्पना स्वतःची म्हणून सांगणारे हल्ली फार झालेत.

मामांनी १९८८ मध्ये स्क्रीन प्रिंटिंगला सुरुवात केली ती दोन सागवानी फ्रेम, त्यांवर ताणायचं जाळीदार बोल्टिंग कापड आणि एका स्क्वीजीवर, म्हणजे जाळीतून इंक दाबून उतरवायच्या रबरी पट्टीवर. ती स्क्वीजी अजून वापरात आहे. मूठ शिसवी, हाताच्या घामाने काळी कुळकुळीत झालेली. रबराची धार मामा दर रविवारी काचेवर पॉलिश पेपर ताणून स्वतः घासायचे. आम्हाला हात लावू द्यायचे नाहीत. धार गोल झाली की इंक जास्त उतरते आणि बारीक अक्षर भरून येतं, हे काही मी तुम्हाला सांगायला नको.

पत्रिकांबरोबर आम्ही बायोडेटाही छापायचो. त्यात ‘वर्ण’ असा एक रकाना असायचाच. गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा. इतक्या वर्षांत ‘काळा’ असं एकानेही लिहून आणलं नाही. मामा म्हणायचे, “अरे, या शहरात काळा फक्त आपल्या डब्यात.”

एकदा एक गृहस्थ मुलीला घेऊन प्रूफ बघायला आले. ‘सावळी’ खोडून त्यांनी ‘गव्हाळ’ केलं, मग थोडं थांबून ‘निमगोरी’. मुलगी शेजारीच उभी होती. तिने वडिलांच्या हातातलं पेन घेतलं, शुद्धलेखन तपासावं तसं ते वाचलं आणि ‘नि’ची वेलांटी नीट करून दिली.

त्या वेळी टेबलापाशी आमच्या मॅडम बसल्या होत्या. एका कॉलेजात समाजकार्य शिकवायच्या. भाच्याच्या मुंजीपासून त्या आमचं गिऱ्हाईक, आणि त्यांनी कधी भाव केला नाही. ते दोघं गेल्यावर म्हणाल्या, “याची एक पट्टी छापा. भिंतीच्या रंगाचं शेडकार्ड असतं ना, तशी.”

तशी वर्णपट्टी झाली. बारा चौकोन, खाली नावं: ‘फोटोत गोरी’, ‘मनाने गोरी’, ‘पगार असेल तर चालेल’. खरी गंमत पाचव्या-सहाव्या चौकोनात होती. एकावर ‘मुलीकडचे म्हणतात गव्हाळ’, दुसऱ्यावर ‘मुलाकडचे म्हणतात सावळा’, आणि दोन्हींत एकाच डब्यातली, स्क्वीजीच्या एकाच फेरीत मारलेली इंक. लोक पट्टी उजेडात धरून दोन्हींतला फरक शोधायचे. निम्म्यांना तो सापडायचाही.

मॅडमनीच आम्हाला अमेरिकेतल्या एड्रियन पायपरचं सांगितलं. ही कृष्णवर्णीय कलावंत दिसायला गोरी, त्यामुळे पार्टीत तिच्यासमोर लोक काळ्यांबद्दल वाट्टेल ते बोलायचे. १९८६ पासून ती अशा माणसाच्या हातात गुपचूप एक छापील कार्ड ठेवायला लागली: मी कृष्णवर्णीय आहे, तुम्ही आत्ता जे बोललात ते मी ऐकलं. हे ऐकून मामांनी पहिला प्रश्न विचारला, “कार्ड कोणत्या पेपरवर?”

पट्टी नुसती वाटून भागत नाही हे लवकरच कळलं. हसतात आणि खिशात घालतात. म्हणून शेजारी टेबल मांडलं. पिवळी, लाल, निळी, पांढरी इंक, एक पॅलेट नाइफ आणि छोटी स्क्रीन. आपल्या मनगटाचा रंग आपणच कालवायचा, एक चौकोन मारायचा आणि खाली त्याला नाव द्यायचं. काळा डबा मात्र टेबलावर ठेवायचा नाही. काळा घातला की रंग राखट होतो, मेल्यासारखा दिसतो. कितीही गडद कातडी असू दे, ती लाल-पिवळ्यात निळा चढवूनच जमते. गोरी म्हणवणारीही त्याच डब्यांतून निघते, फक्त पांढरा सढळ. पाच मिनिटं कालवल्यावर हे माणसाला कुणी सांगावं लागत नाही.

पुढची सहा-सात वर्षं बरी गेली.

मग २०२०. लग्नंच बंद, आणि जी झाली त्यांची पत्रिका फोनवर. त्याच उन्हाळ्यात १९७५ पासून चाललेल्या फेअर अँड लव्हलीने नावातलं ‘फेअर’ काढलं, विवाह जुळवणाऱ्या एका मोठ्या संकेतस्थळाने रंगानुसार स्थळ शोधायची सोय काढली. मला वाटलं, आता आपला फोन वाजणार. वाजला. एका कार्यक्रमवाल्याने नमुना मागवला, मी कुरिअरने पाठवला, आणि दोन महिन्यांनी आमची पट्टी फ्लेक्सवर छापलेली दिसली. काम एका डिजिटलवाल्याने केलं होतं. त्याने पाचवा आणि सहावा चौकोन वेगवेगळ्या रंगात छापला! त्याला वाटलं आमची चूक आहे, त्याने ती सुधारली. खाली ‘प्रत्येक रंग सुंदर’ आणि फुलं. इंकचं टेबल नाही, कारण पाहुण्यांचे कपडे खराब होतात. पैशांचं मी विसरलो असतो. तो सहावा चौकोन विसरलो नाही.

पुढच्याच वर्षी एका संस्थेने पूर्ण प्रदर्शन ठरवलं आणि आदल्या रात्री रद्द केलं. पॅनेल ठोकून झाले होते. कारण, कुणाच्या तरी भावना दुखावतील. कुणाच्या, ते विचारलं तर म्हणाले, तसं कुणी नाही, पण. अ‍ॅडव्हान्स मी घेतला नव्हता. चार रंगांचं मशीन विकून सुताराचे पैसे दिले. नव्याने धंद्यात येणाऱ्यांनो, निम्मे पैसे हातात आल्याशिवाय फ्रेम ताणू नका, कितीही पुरोगामी गिऱ्हाईक असलं तरी. आणि पावसाळ्यात स्क्रीनवरचं इमल्शन, म्हणजे जाळीवर लावायचा लेप, वाळलं असं वाटलं की आणखी दोन तास थांबा.

अर्जाची गोष्ट अशी. सुदानचा एक विद्यार्थी प्रोजेक्टच्या प्रती घ्यायला यायचा. फोनवर ‘या, घर रिकामं आहे’ आणि दारात ‘कालच गेलं’, असं त्याचं सातव्यांदा झालं होतं. ते तो मोडक्या हिंदीत हसत सांगत होता. मॅडम होत्याच. तिथेच बसून मजकूर झाला. अर्जदार: मलिक अंबर. जन्म: हबसाण, म्हणजे आजचा इथिओपिया. आधीची नोकरी: गुलाम. सध्या: निजामशाहीचा वजीर. अनुभव: १६१० मध्ये खडकी वसवली, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर, शहराला नहरीने पाणी आणलं. ओळख देणारे: शहाजीराजे भोसले, भातवडीच्या लढाईतले (१६२४) सहकारी. आणि खाली, ‘घरमालकाचा शेरा’, पाच रिकाम्या ओळी.

गणपतीत आमच्या गल्लीतल्या मंडळाने मांडवात जागा दिली. पेन दोरीने बांधा, नाहीतर पहिल्या तासात जातं. आणि लिहिणाऱ्याच्या जवळ उभं राहू नका, तो चांगलं लिहायला लागतो. दहा दिवसांत सहाशेच्या वर अर्ज भरले. ‘फॅमिली असेल तरच.’ ‘माझी हरकत नाही, सोसायटीची आहे.’ ‘डिपॉझिट दुप्पट.’ ‘शहाजीराजांचं पत्र मूळ प्रतीत आणावं.’ एका शाळकरी अक्षरात, ‘आधी कळलं असतं तर दिलं असतं.’

एका अर्जावर थरथरत्या अक्षरात होतं, ‘पाण्याची सोय करून देत असतील तर आजच यावं.’ खाली लँडलाइनचा नंबर. मी तो त्या मुलाला दिला. त्याने दुकानातूनच फोन लावला. पलीकडून आजींनी विचारलं, “मलिक अंबर का?” तो माझ्याकडे बघून म्हणाला, “हो जी.”

आता तो त्यांच्याकडे मागच्या खोलीत राहतो. आजी नातवाची पत्रिका टाकायला आल्या होत्या तेव्हा म्हणाल्या, “अहो, तुमच्या त्या वजिराला सांगा, सकाळचं पाणी अजून पाऊण तासच येतंय.”